ऑस्ट्रेलियात कॅराव्हॅननं फिरताना उसाचे फड पेटवलेले दिसतात म्हणे. कोणी प्रत्यक्ष पाहिलंय का? का पेटवतात, आणि बघायला थांबणं सुरक्षित असतं का?

पाहिलंय. आणि हो, मुद्दामच पेटवतात. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की एप्रिलच्या सुट्टीत ब्रिस्बेनहून केर्न्सपर्यंत कॅराव्हॅन ओढत जायचा विचार आहे आणि मुलाला धुराचा त्रास होतो. त्या दोन्ही गोष्टींवर शेवटी लिहितो.

मी मूळचा वाळवा तालुक्यातला. घरी ऊस. आता ब्रिस्बेनला असतो. वडील, म्हणजे आमचे आबा, इकडे राहायला आले होते तेव्हा त्यांना आणि घरच्यांना घेऊन ब्रूस हायवेनं उत्तरेला गेलो. या रस्त्यावर बंडाबर्गच्या अलीकडूनच ऊस दिसायला लागतो तो मकाय, प्रोसरपाइन, बर्डेकिन, इंगम, टली असा थांबून थांबून केर्न्सपर्यंत सोबत करतो. आबांना समुद्रात काडीचा रस नव्हता. ते खिडकीतून नुसते फड मोजत होते आणि "खोडवा दिसतोय", "याला पाणी कमी पडलंय" असं मनाशी बोलत होते.

तर पहिली गोष्ट ही की ऑस्ट्रेलियात आता सगळीकडे ऊस पेटवत नाहीत. क्वीन्सलँडच्या बहुतेक भागात हिरवा ऊसच तोडतात आणि पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, रानातच पसरून ठेवतात. टली, इनिसफेलच्या बाजूला पाऊस इतका की फड पेटवायचा म्हटलं तरी पेटेना, त्यामुळे तिथले शेतकरी हिरव्या तोडणीकडे लवकर वळले. सर्रास आग दिसते ती बर्डेकिनमध्ये, म्हणजे टाउन्सव्हिलच्या खाली नव्वदेक किलोमीटरवर एअर आणि होम हिल ही दोन गावं आहेत त्यांच्या आसपास. मधून बर्डेकिन नदी वाहते. तिच्यावर १९५७ साली खुला झालेला एक किलोमीटरहून लांब लोखंडी पूल आहे. नदीच्या पात्रात खाली पक्का खडक लागत नाही, म्हणून त्याचे खांब वाळूतच खोल उतरवलेत. पूल अरुंद आहे. कॅराव्हॅन घेऊन जाताना समोरून ट्रक आला की पोटात गोळा येतो, एवढंच सांगून ठेवतो.

आता पेटवतात का. याची दोन उत्तरं आहेत, एक जुनं आणि एक आजचं.

जुनं उत्तर उंदरांचं आहे. १९३० च्या दशकात इंगमच्या बाजूला ऊसतोड मजुरांमध्ये तापाची साथ आली, माणसं दगावली. वाइल्स डिसीज म्हणत होते त्याला. आपण ज्याला लेप्टो म्हणतो त्याचंच हे गंभीर रूप. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत ज्यानं माणसं गेली, आणि सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत ज्याची धास्ती असते, तोच हा रोग. फडातल्या उंदरांच्या मुतानं पाचट आणि चिखल दूषित व्हायचा, आणि कोयत्यानं चिरलेल्या हातापायांतून जंतू आत शिरायचे. मजुरांचं म्हणणं सरळ होतं : आधी फड पेटवा, मगच आम्ही आत उतरू. १९३५ साली त्यासाठी उत्तर क्वीन्सलँडमध्ये मोठा संप झाला. पुढे पेटवून तोडणं हीच रीत पडली.

गंमत बघा, त्याच १९३५ साली उसाच्या मुळ्या खाणाऱ्या किड्यांवर उपाय म्हणून हवाईहून मोठाले बेडूक आणून केर्न्सजवळ गॉर्डनव्हेलला सोडले गेले. किड्यांचं त्यांनी काही वाकडं केलं नाही, पण स्वतः मात्र निम्म्या उत्तर ऑस्ट्रेलियात पसरले. रात्री कॅराव्हॅन पार्कात नळाजवळच्या दिव्याखाली मुठीएवढे बेडूक बसलेले दिसतील ते हेच. विषारी आहेत, मुलांना हात लावू देऊ नका.

कोयत्यानं तोडणी तिथं १९७० च्या दशकातच संपली. आता सगळं हार्वेस्टर करतं, फडात माणूस उतरतच नाही. मग उंदरांचं कारण उरलं कुठं? इथून आजचं उत्तर सुरू होतं, आणि ते पाण्याचं आहे.

बर्डेकिनमध्ये ऊन भरपूर आणि पाऊस बेताचा. ऊस पिकतो तो नदीच्या, भूजलाच्या आणि वर १९८७ साली बांधून झालेल्या बर्डेकिन फॉल्स धरणाच्या पाण्यावर. बहुतेक ठिकाणी पाणी सरीनं देतात. उत्पादन हेक्टरी शंभर टनांच्या वर जातं, म्हणजे आपल्या हिशेबात एकरी चाळीस टनांपुढे. एवढा दांडगा ऊस लोळतो, आणि पाचटही तसंच निघतं. ते पाचट सरीत पडलं की पाणी तुंबतं, पुढं सरकत नाही. हे मला एका शेतकऱ्यानंच सांगितलं. होम हिलच्या अलीकडे एका फाट्यावर आम्ही चहाला थांबलो होतो. शेजारच्या बांधावर ट्रॅक्टर, पाण्याची टाकी आणि तीन-चार माणसं दिसली. मी जाऊन विचारलं, आज पेटवणार का? म्हणाला, वारा पडला की. आजोबा इटलीहून ऊस तोडायला आले होते, असं त्यानं आपणहून सांगितलं. त्या भागात अशी इटालियन आडनावं पुष्कळ.

आबा मागून आलेच. त्यांचा पहिला प्रश्न : "त्याला विचार, वाढं जाळून टाकणार?"

मी विचारलं. त्याला प्रश्नच कळेना. मग मी समजावलं की आमच्याकडे उसाचे शेंडे जनावरांना घालतात, तोडणीवाले ते विकतातसुद्धा. तो हसला. म्हणाला, माझ्याकडे एक कुत्रा आहे, तो खात नाही.

आबांनी सोडलं नाही. "पाचट एका आड एक सरीत भरायचं आणि मोकळ्या सरीनं पाणी द्यायचं. आम्ही करतो की." हे मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा तो गंभीरपणे ऐकत होता. मग त्यानं हात लांब करून सरी दाखवली. शेवट दिसत नव्हता. अर्धा-पाऊण किलोमीटरची सलग सरी, आणि पाचट हातानं गोळा करायला माणूस नाही. आमच्याकडे शंभर फुटांची सरी म्हणजे लांब सरी. आबा म्हणाले, "मग बरोबर आहे त्याचं," आणि लगेच पुढे, "पण ठिबक का करत नाही?" हे मी विचारलं नाही. संध्याकाळ व्हायला आली होती आणि त्याला काम होतं.

एक खुलासा, कारण बऱ्याच जणांचा इथं घोळ होतो. आपल्याकडे 'पाचट जाळणं' म्हणतात ते तोडणीनंतर. ऊस कारखान्याला गेला की रानात राहिलेलं पाचट पेटवून देतात, आणि कृषी खातं दर वर्षी ओरडून सांगतं की जाळू नका, कुट्टी करा, आच्छादन करा, हेक्टरी आठ-दहा टन सेंद्रिय माल फुकट घालवू नका. बर्डेकिनमध्ये पेटवतात तो उभा ऊस, तोडणीच्या आधी. आपल्याकडे उभा ऊस पेटला म्हणजे बहुधा तारांची ठिणगी, नाहीतर कुणाचा खोडसाळपणा, नाहीतर हंगाम संपत आला तरी तोडणीवाल्यांची टोळी येत नाही म्हणून हताश होऊन स्वतःच लावलेली काडी. २०२१-२२ च्या हंगामात ऊस एवढा झाला की मे-जूनपर्यंत फड उभे होते, तेव्हा हे प्रकार आपण वाचलेत. त्यामुळे आबांच्या डोक्यात उभा ऊस पेटणं म्हणजे घरावर आलेलं संकट. आणि इथं चार माणसं हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन, गप्पा मारत, वारा पडायची वाट बघत होती.

प्रत्यक्ष आग. दिवसभर तिथं समुद्रावरून आग्नेयेचा वारा वाहतो, तो सूर्य कलला की मंदावतो. साडेसहाच्या सुमारास त्यांनी सुरुवात केली. एकानं हातात डबा घेतला होता, त्याच्या नळीच्या तोंडाशी वात पेटलेली, आणि तिरका धरला की पेटतं तेल थेंबथेंब गळत जातं. तो डबा घेऊन माणूस फडाच्या कडेनं साध्या चालीनं चालत गेला, मागे आगीची रेघ उमटत गेली. पहिली कड वाऱ्याच्या खालच्या अंगाची पेटवतात. आग वाऱ्याच्या उलट जायला बघते, त्यामुळे हळू सरकते आणि त्या बाजूला जळून गेलेला एक पट्टा तयार होतो. तो पट्टा म्हणजेच कुंपण. आग पलीकडच्या फडात जायची म्हटली तरी तिला जळायला काही उरत नाही. पाण्याची टाकी घेऊन ट्रॅक्टर त्या अंगाला उभा असतो. मग दोन्ही बाजू पेटवतात आणि सर्वांत शेवटी वाऱ्याकडची कड.

तोपर्यंत बघणाऱ्याला वाटतं, एवढंच? आणि शेवटची कड पेटली की सगळं बदलतं. दोन्हीकडच्या ज्वाळा एकमेकींना आत ओढायला लागतात. आवाज आधी तडतड असा, दिवाळीत लवंगी माळ लावल्यासारखा, आणि मग तो तडतडाट बुडून नुसती घरघर राहते, रिकाम्या टँकरच्या ताफ्यासारखी नव्हे तर जमिनीतून आल्यासारखी. जाळ उसाच्या दुपटी-तिपटीनं वर. आम्ही रस्त्याच्या पलीकडे होतो, तरी धग अशी की माझ्या मुलीनं तोंड फिरवलं. वारा पडलेला असताना आमच्या पाठीमागून वाऱ्याची झुळूक आली, ती आग आपल्याकडे हवा खेचत होती म्हणून. धूर सरळ वर चढला, खाली तपकिरी आणि वर मावळतीचा उजेड लागून गुलाबी. घारी आधीपासूनच घिरट्या घालत होत्या. आपल्या गावावर असतात त्याच जातीच्या या घारी. आगीतून उडणारे टोळ आणि बाहेर पळणारे उंदीर त्यांना आयते मिळतात. एक साप सरसरत रस्त्याकडे आला आणि गवतात गेला. कोणता ते बघायला मी थांबलो नाही.

आणि संपलंसुद्धा. मोठा फड पाव तासात विझला. उरला तो काळा पडलेला, पण उभाच्या उभा ऊस. न पाहिलेल्या माणसाला हे पटत नाही. उसाच्या कांडीत सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. जाळ एवढ्या झपाट्यानं निघून जातो की वाळलेलं पाचट आणि पानं जळतात, कांडी तशीच राहते. शेतकऱ्यानं कडेचं एक कांडं मोडून दिलं. साल काजळलेली, आत पांढरंशुभ्र, चव गरम रसाची. आबांनी चावून बघितलं आणि म्हणाले, "रिकव्हरी चांगली असणार." म्हणजे साखरेचा उतारा. तेवढ्यावरून कसं कळलं, देव जाणे.

पण खरी घाई तिथून सुरू होते. पेटवलेला ऊस टिकत नाही. सालीला चिरा जातात, जंतू शिरतात, साखर फुटायला लागते, आणि हार्वेस्टरनं वीतभर लांबीचे तुकडे केले की तोंडं आणखी वाढतात. म्हणून उद्या जेवढा तोडायचा तेवढाच आज पेटवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हार्वेस्टर, शेजारून पळणाऱ्या ट्रॉल्या, त्यातून ऊस रुळावरच्या डब्यांत, आणि दोन फूट रुंदीच्या छोट्या रुळांवरून गाडी थेट कारखान्याला. या एका भागात चार कारखाने आहेत. आपल्याकडे जळीत उसाचे हाल होतात ते इथंच : फड पेटल्यावर टोळी दोन दिवसांनी मिळते, ट्रॅक्टर काट्यावर रांगेत थांबतो, वजन घटत जातं, आणि वर जळीत म्हणून कारखाना बिलातून कापून घेतो तो वेगळा. आबांना आगीपेक्षा त्या रुळांचंच जास्त अप्रूप वाटलं. दुसऱ्या दिवशी ते रुळांच्या कडेला बसून डबे मोजत होते.

मला स्वतःला विचाराल तर बघायला भव्य आहे, पण त्यांचं समर्थन मला पूर्ण पटत नाही. सरीतल्या पाण्याची अडचण खरी आहे. पण पाचटाबरोबर रानातला सेंद्रिय माल दर वर्षी आकाशात जातो, आणि बाकी बहुतेक क्वीन्सलँडनं हिरव्या तोडणीची घडी बसवलीच ना? त्यांचं पाणी वेगळं, पाऊस वेगळा, हे मान्य. तरी जोवर पेटवणं स्वस्त आहे तोवर दुसरा रस्ता कोण शोधणार, असं वाटत राहतं. गावातल्या सगळ्यांना ते आवडतं असंही समजू नका. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडली की बायामाणसं काय बोलतात ते मी कॅराव्हॅन पार्कच्या धुण्याच्या खोलीत ऐकलंय.

त्या राखेबद्दल. तिथले लोक तिला थट्टेनं बर्डेकिनचा बर्फ म्हणतात. बोटभर लांबीच्या, केसासारख्या काळ्या सुरळ्या, तरंगत येतात आणि बिनआवाज पडतात. सकाळी उठलो तर छताच्या कापडावर, सोलर पॅनेलवर, खुर्च्यांवर सगळीकडे. बायकोनं ओला फडका फिरवला आणि अर्धं छत काळं झालं. ओल्यानं पुसायचं नाही. मऊ झाडूनं झटकायचं किंवा पाइपनं धुवून काढायचं. हंगामात त्या भागात मुक्काम असेल तर संध्याकाळी पाचच्या आत छताच्या खिडक्या बंद करा आणि धुणं काढून घ्या.

आता सुरक्षिततेचं. लांबून बघायला काहीच हरकत नाही, पण हे पाळा. शेताच्या कडेच्या कच्च्या वाटेवर कॅराव्हॅन घालू नका. ती वाट ट्रॉल्यांची आणि पाण्याच्या ट्रॅक्टरची आहे, आणि मागे कॅराव्हॅन असताना तुम्हाला घाईत वळता येणार नाही. शिवाय चाकांच्या मातीतून उसाचे रोग पसरतात म्हणून परवानगीशिवाय शेतात शिरलेलं तिथं कुणालाच खपत नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, डांबरी रस्त्यापलीकडे रुंद जागा बघून थांबा. आणि शेतकरी दिसला तर आधी विचारा. बहुतेक जण आनंदानं सांगतात, कुठं उभं राहायचं तेही दाखवतात. गाडीत वायरलेस असेल तर कॅराव्हॅनवाल्यांचा १८ नंबरचा आणि ट्रकवाल्यांचा ४० नंबरचा चॅनेल लावून ठेवा, पुढे रस्त्यावर धूर असेल तर कुणीतरी बोलतंच. हायवेवर धूर आडवा आला तर वेग कमी, दिवे चालू, काचा बंद, आतलीच हवा फिरेल असं बटण. धुराच्या आत गाडी मात्र उभी करू नका, मागच्याला तुम्ही दिसणार नाही. उसाच्या रेल्वेची फाटकं हायवेवर बहुतेक ठिकाणी नुसत्या लाल दिव्यांची असतात, दांडी नसते, आणि लहान रस्त्यांवर बऱ्याचदा दिवेही नसतात. दिवे लुकलुकले की थांबायचं, गाडी कितीही लांब वाटली तरी.

आणि तुमचं एप्रिलचं. एप्रिलमध्ये तुम्हाला यातलं काहीच दिसणार नाही. गाळप साधारण जूनमध्ये सुरू होतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालतं. मुलाच्या दृष्टीनं मात्र एप्रिल उत्तम, धूर नाही, ऊस डोक्याच्या वर वाढलेला. पावसाळ्याची शेपूट तेवढी असू शकते, तेव्हा टलीच्या पुढे रस्ते उघडे आहेत का ते बघून निघा. आग बघायचीच असेल तर जून-जुलैच्या शाळेच्या सुट्टीत जा. तेव्हा थंडी टाळायला दक्षिणेकडचे निवृत्त लोकही कॅराव्हॅन घेऊन वर आलेले असतात, त्यामुळे जागा आधी बुक करा. मुक्काम बर्डेकिनमध्ये न करता टाउन्सव्हिलला समुद्राकाठी करा, संध्याकाळी तास-दीड तासावर खाली येऊन बघा आणि परत जा. मुलाचा श्वासाचा पंप गाडीत हाताशी ठेवा, मागे कॅराव्हॅनच्या कपाटात नको.